प्याद्याची किंमत

चंद्रपूर

चि. बाळास,

गडचिरोलीच्या बुद्धिबळ स्पर्धेत पांढरी मोहरी आली की गॅम्बिटच, म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देणारा डावच, खेळायचा, असा तुझा हट्ट आहे. जरूर खेळ. पण प्यादं देणं हे शौर्य नव्हे, तो सौदा आहे: प्यादं देऊन तू वेळ विकत घेतोस. तेंदूच्या छाटणीसारखंच हे. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपं छाटतात, ती मे महिन्यात कोवळा पाला भरून यावा म्हणून. छाटलं आणि तोडणीलाच गेलं नाही, तर मेहनत वाया.

२१ जून १८५१ रोजी लंडनमध्ये बुद्धिबळपटू अँडरसन पांढऱ्या मोहऱ्यांनी किझेरित्स्कीविरुद्ध किंग्ज गॅम्बिट खेळला, तो डाव पटावर मांड. पांढऱ्याने एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही दिला, हेच सगळे सांगतात. तू एकोणिसावी चाल बघ. कोपऱ्यातला हत्ती उघडा टाकून अँडरसनने प्यादं एक घर पुढे सरकवलं, ई ५ वर. काळ्या वजिराने तो हत्ती मारला खरा, पण त्या प्याद्याने त्याची घरी परतायची तिरकी वाट बंद केली. तेविसाव्या चालीला मात झाली, तेव्हा काळ्याचा वजीर आणि एक उंट पांढऱ्याच्या शेवटच्या ओळीत अडकले होते आणि त्याचा राजा दोन घोडे व एका उंटाच्या कचाट्यात होता. मोहरी काळ्याकडे जास्त, पण कामाला लागलेली पांढऱ्याची.

तू म्हणशील, किझेरित्स्की हावरटपणामुळे हरला. नीट बचाव केला तर हा गॅम्बिट टिकत नाही. अमेरिकन ग्रँडमास्टर फिशरनेही १९६१ साली तसा लेख लिहिला होता. पण १९६३ मध्ये त्यानेच किंग्ज गॅम्बिट खेळून लॅरी इव्हान्सला हरवलं. म्हणजे नुसत्या सुरुवातीवरून निकाल लागत नाही. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचंच बघ. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत, बाटुमीला, कोनेरू हम्पीविरुद्ध पहिल्या डावात तिने वजिराकडचा गॅम्बिट खेळला, सरशीही मिळवली, तरी डाव बरोबरीत सुटला. विजेतेपद आलं ते टायब्रेकमध्ये, काळ्या मोहऱ्यांनी जिंकलेल्या डावावर. मिळालेला वेळ जपून वापरावा लागतो, हे त्या पहिल्या डावातून शीक.

म्हणून सरावाच्या वहीत दिलेल्या प्रत्येक प्याद्यापुढे लिही: माझी किती मोहरी बाहेर आली, त्याचा राजा अजून मधेच आहे का, आणि पुढच्या पाच चालींत मी काय वसूल करणार? उत्तर लिहिता आलं तर प्यादं बेधडक दे. नाही आलं, तर ते जपून ठेव. शेवटच्या खेळात तेच वजीर होईल.

तुझा,
मामा