टोरांटोचे ऋतुमान आणि लेकुरवाळीचे घर

ज्या भगिनी कडेवरच्या किंवा नुकत्याच शाळेत जाऊ लागलेल्या मुलांना घेऊन टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन अथवा स्कारबरो या परिसरात नव्याने येऊन राहिल्या आहेत, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे टिपण याच इलाख्यात दीर्घकाळ संसार करून स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांशी झालेल्या बोलण्यांतून सिद्ध केले आहे. ज्यांची मुले आता मोठी होऊन आपापल्या उद्योगाला लागली आहेत, अशा अनेक गृहिणींनी निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली. नोकरी, स्वयंपाक आणि मुलांची ने-आण यांतून जिला क्षणाची उसंत नाही, तिने मुलांच्या करमणुकीसाठी वेगळे उद्योग काढण्याच्या भरीस पडू नये; त्या त्या ऋतूत घराला जे काम करावेच लागते, त्याच कामात मुलाच्या हाताला जागा करून द्यावी. येथे ऋतू इतके परस्परभिन्न आहेत की वर्षभर मुलाला नवे काही दाखवण्याची जबाबदारी निम्म्याहून अधिक निसर्गच उचलतो.

प्रथम उजेडाचा हिशोब समजून घ्यावा. मुंबईत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांत अंतर पडते ते दोन तासांहून थोडे अधिक. टोरांटोत मात्र डिसेंबरअखेरचा दिवस जेमतेम नऊ तासांचा आणि जूनअखेरचा साडेपंधरा तासांच्या आसपास असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जाते आणि त्यानंतर संध्याकाळी पाचच्या सुमारासच दिवेलागण होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते पुन्हा पुढे सरकते. या दोन्ही वेळी लहान मुलांची झोप आणि भूक आठवडाभर विस्कळीत होते, म्हणून त्या आठवड्यात पाहुणे, प्रवास, नवा वर्ग यांपैकी काहीच ठरवू नये, असे जाणत्या आया आग्रहाने सांगतात. जूनमध्ये याच्या उलट अडचण येते. रात्री नऊपर्यंत उजेड असल्यामुळे मूल झोपायला राजी होत नाही, आणि त्यावर जाड पडद्यांची तजवीज हाच खात्रीचा उपाय आहे.

येथील गृहस्थाश्रमाचे वर्ष खरोखर सुरू होते ते सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगारदिनानंतर, शाळा उघडतात तेव्हा. हा शरदाचा काळ अल्प आहे आणि तो वाया दवडू नये. रविवारी सकाळी शहराबाहेरच्या एखाद्या बागेत जाऊन मुलांच्या हातांनी सफरचंदे तोडून आणावीत. हंबर नदीच्या काठी, ओल्ड मिलच्या जवळपास, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सामन मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारीत बांध चढताना दिसतात. चार वर्षांचे मूलही हा प्रकार तासभर निश्चल उभे राहून पाहते, आणि त्यासाठी कवडीचा खर्च येत नाही. घरी आल्यावर अंगणातली मेपलची पाने गोळा करून पालिकेसाठी कागदी पिशव्यांत भरण्याचे काम असतेच. मुलांना आधी त्या ढिगात यथेच्छ लोळू द्यावे आणि मग त्यांच्याच हातांनी पिशव्या भरून घ्याव्यात. कढीपत्त्याची कुंडी रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरण्यापूर्वी आत घ्यायची असते. ती कोणत्या खिडकीत ठेवायची आणि तिला पाणी कधी घालायचे, याचा कारभार घरातल्या सर्वांत धाकट्याकडे सोपवावा. त्याच सुमारास कोणाच्या तरी घरच्या तळघरात भोंडला होतो. पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात आणि मुलगेही खिरापत ओळखण्यासाठी पुढे सरसावतात. त्याचे आमंत्रण आल्यास, कितीही दमणूक झालेली असो, नाकारू नये.

मात्र शरदातले ज्याला मुकुटमणी म्हणावे असे काम म्हणजे दिवाळीचा किल्ला. दिवाळी येथे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही येते, आणि या अवधीत जमीन अजून गोठलेली नसते, त्यामुळे परसातली माती हवी तितकी मिळते. परंतु रात्री दहिवर गोठून कोवळे अंकुर जळतात, म्हणून किल्ला उघड्यावर न करता मोटारीच्या खोलीत, आणि ज्यांचे बिऱ्हाड इमारतीत आहे त्यांनी मोठ्या प्लास्टिकच्या परातीत, खिडकीशी करावा. आत दगड रचावेत, त्यांवर चिखलात बुडवलेले जुने गोणपाट किंवा चादरीचा तुकडा पसरून डोंगराला उठाव द्यावा, वर मातीचा थर लिंपावा आणि वसुबारसेच्या आठवडाभर आधी त्यावर अळीव पेरून रोज सकाळी हाताने पाणी शिंपडावे. घरातल्या उबेत चार-पाच दिवसांत हिरवळ डोकावू लागते. मातीचे मावळे येथे मिळत नाहीत. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसे, सुमारे वाटीभर, पाणी घालून मळलेल्या घट्ट गोळ्याचे शिपाई मुलांकडून करवून घ्यावेत, मंद आचेच्या भट्टीत वाळवावेत आणि रंगवावेत. त्यांचे नाक-डोळे ओळखू येत नसले तरी ते तसेच उभे करावेत. आपण दुरुस्त करायला बसू नये. किल्ल्याला सिंधुदुर्ग किंवा रायगड असे खरे नाव द्यावे आणि त्याची हकीकत मुलाला आधी चार ओळींत सांगून ठेवावी. सिंधुदुर्गाचे बांधकाम 1664 मध्ये समुद्रातल्या बेटावर सुरू झाले, रायगडावर 1674 मध्ये राज्याभिषेक झाला, एवढे पुरे होते. शेजारची मुले पाहायला आली की तीच हकीकत मूल त्यांना इंग्रजीतून सांगते, आणि आपण कोणत्या घरातले आहोत हे त्याला त्या वेळी जसे उमगते, तसे आपल्या कोणत्याही उपदेशाने उमगणार नाही. संध्याकाळ लवकर होत असल्यामुळे आकाशकंदील आणि पणत्या मुलांच्या झोपण्याच्या वेळेआधी तास-दोन तास मनसोक्त पाहता येतात, हा या देशातील दिवाळीचा खास लाभ समजावा.

ऑक्टोबरच्या 31 तारखेला मुले वेष धारण करून दारोदार खाऊ मागत हिंडतात, त्यात आपली मुलेही सामील व्हावीत. फक्त वेष एक माप मोठा घ्यावा, कारण त्याखाली लोकरीचे कपडे घालावे लागतात. या दिवसासाठी जो भोपळा कोरतात तो मोठा, पाणचट असतो. घारग्यांसाठी वेगळा, लहान आणि गोड जातीचा भोपळा आणावा.

हिवाळ्याची तयारी ऑक्टोबरातच सुरू करावी, आणि तिचा पहिला पाठ म्हणजे कपडे घालणे. शाळेत मधल्या सुट्टीत, थंडी फारच कडक असल्याखेरीज, मुलांना बाहेर सोडतात आणि बालवर्गातल्या शिक्षिकेला वर्गभर मुलांची बटणे लावणे शक्य नसते. आधी बर्फाची विजार, मग बूट, मग गळपट्टी, मग कोट, टोपी आणि सर्वांत शेवटी हातमोजे, हा क्रम मोडू नये; हातमोजे आधी चढवले तर पुढचे काहीच मुलाला करता येत नाही. कोट जमिनीवर उताणा पसरावा, त्याची टोपी मुलाच्या पायांशी येईल असा. मुलाने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालावेत आणि कोट डोक्यावरून मागे उलटवावा. तीन वर्षांचे मूल ही युक्ती दोन-चार दिवसांत शिकते आणि घरातून निघतानाची रोजची झटापट संपते. मोटारीत मात्र जाड कोट काढूनच मुलाला आसनाच्या पट्ट्यांत बांधावे, कारण फुगीर कापडामुळे पट्टा अंगाशी घट्ट बसत नाही; पट्टा आवळल्यावर कोट वरून पांघरावा. केवळ अंगावर पिणाऱ्या बालकाला रोज 400 एकक ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत अशी येथील आरोग्यखात्याची शिफारस आहे. त्याविषयी आपल्या डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

जानेवारीत पारा शून्याखाली दहा अंशांवर स्थिरावला की बर्फाचा दिवा करावा. बादलीभर पाणी रात्री अंगणात ठेवले असता ते वरून आणि कडांनी आधी गोठते, गाभा पाणीच राहतो. सकाळी बादली कोमट पाण्यात क्षणभर धरून उलटी करावी, तळाचा पातळ पापुद्रा फोडून आतले पाणी ओतून द्यावे आणि त्या पोकळीत संध्याकाळी मेणबत्ती लावावी. पाण्यात झेंडूच्या पाकळ्या सोडल्या असल्यास त्या बर्फात जशाच्या तशा दिसतात. पालिकेची उघड्यावरील बर्फमैदानेही या दिवसांत विनामूल्य खुली असतात. मुलाला शिरस्त्राण घालून न्यावे आणि पहिल्या वेळी अर्ध्या तासात परत आणावे.

संक्रांत याच कडाक्यात येते. हळदीकुंकू आणि बोरनहाण ही दोन कार्ये एकाच रविवारी, दुपारी दोन ते साडेचार या वेळात उरकण्याची वहिवाट आता येथे रुळली आहे, आणि ती उत्तम आहे: सूर्यास्तापूर्वी लेकुरवाळ्या घरी पोचतात, आणि एका घरच्या हलव्याच्या दागिन्यांचा संच रथसप्तमीपर्यंत आणखी तीन-चार घरी फिरतो. बोरे मिळत नाहीत म्हणून त्यांच्या जागी अख्खी द्राक्षे किंवा कडक गोळ्या टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. खाली जमून वेचणाऱ्या लहान मुलांच्या घशात त्या अडकतात. चुरमुरे, बताशे आणि संत्र्याच्या फोडी यांनी शोभा तिळभरही उणावत नाही.

फेब्रुवारी हा आयांच्या दृष्टीने सर्वांत अवघड महिना, असे जवळजवळ प्रत्येकीने सांगितले. सणवार संपलेले, पती दिवसभर बाहेर, रस्त्यावर माणूस नाही, आणि घरात मुलाशिवाय बोलायला कोणी नाही, अशा स्थितीत मन खचते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. या महिन्यात आठवड्यातून दोन सकाळी घराबाहेर पडण्याचा नेम स्वतःसाठी करावा. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ऑन्टारियो सरकारच्या साहाय्याने चालणारी ‘अर्लीऑन’ केंद्रे गावोगावी आहेत. तेथे आईने मुलासोबत बसायचे असते, शुल्क नसते, आणि नवी ओळख बहुधा तेथेच होते. सार्वजनिक ग्रंथालयात शिशूंसाठी गोष्टींचे वर्ग भरतात. तेथील कार्डावर काही संग्रहालयांची कौटुंबिक प्रवेशपत्रेही मिळतात. ज्यांचे मूल त्या वर्षात चार वर्षांचे होणार असेल, त्यांनी बालवर्गाच्या नोंदणीची चौकशीही हिवाळ्यातच करावी. आणि मन फारच उदास राहू लागले, तर वसंताची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे.

मार्चमध्ये रात्री गोठणे आणि दिवसा वितळणे सुरू झाले की मेपलच्या झाडांतून रस वाहू लागतो. व्हॉनजवळच्या कॉर्टराइट केंद्रासारख्या ठिकाणी तो कढवण्याचे काम मुलांना जवळून पाहता येते. सुमारे चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक हाती येतो. ज्यांनी कोल्हापूरकडची गुऱ्हाळे पाहिली आहेत, त्यांनी उसाचा रस काहिलीत कसा आटतो ते मुलाला त्याच जागी उभे राहून सांगावे. घरी तोच पाक घावनाबरोबर वाढावा. पाडव्याला बाहेर अनेकदा बर्फ असते, तेव्हा गुढी खिडकीत आतल्या बाजूने उभारली तरी चालते.

हाय पार्कमधील चेरीची झाडे एप्रिलअखेर ते मेच्या आरंभी फुलतात. 1959 मध्ये टोकियोच्या नागरिकांनी ती या शहराला भेट दिली. रविवारच्या गर्दीत बाबागाडी घेऊन जाण्यापेक्षा आठवड्यातल्या एखाद्या सकाळी जावे. थंडी न सोसणारे बियाणे मात्र मेच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरिया दिनाच्या सुट्टीपूर्वी उघड्यावर लावू नये, हा येथल्या माळ्यांचा पक्का दंडक आहे. मुलांसाठी मेथी पेरावी, कारण ती आठवड्याच्या आत उगवते आणि महिन्याभरात भाजी ताटात येते. लहान मुलाला याहून लांबची मुदत समजत नाही. जूनच्या उत्तरार्धात स्ट्रॉबेरीचे मळे खुले होतात, आणि महाबळेश्वरला जे फळ हिवाळ्यात येते ते येथे भर उन्हाळ्यात का, हा प्रश्न मोठ्या मुलाला तेथेच विचारावा. रानातून किंवा उंच गवतातून परतल्यावर मुलांच्या कानांमागे, केसांच्या कडेला आणि गुडघ्यांमागे गोचीड नाही ना, हे न चुकता पाहावे.

जुलै हा वाळवणांचा महिना. आजी-आजोबा येणार असतील तर याच दिवसांत यावेत, असा बेत ठेवावा. साबुदाण्याच्या पापड्या हे मुलांनी करायचे पहिले वाळवण: आजीने शिजवलेला साबुदाणा निववून द्यावा आणि मुलाने प्लास्टिकच्या कागदावर चमच्याने थोडा-थोडा घालीत जावे. खारींपासून राखण म्हणून वर जाळी अंथरावी, आणि दुसऱ्या दिवशी पापड्या उलटण्याचे काम त्याच मुलाला द्यावे. दुपारी अंग शेकून निघाले की उद्यानांतील पाण्याच्या फवाऱ्यांखाली मुलांना सोडावे. तेथेही पैसे पडत नाहीत.

ऑगस्टमध्ये एक दिवस दफ्तरासाठी राखून ठेवावा. जन्माचा दाखला, राहत्या जागेचा पुरावा, येथे राहण्याच्या परवान्याचे कागद आणि भारतात झालेल्या लसीकरणाची नोंदवही हे सर्व एका पाकिटात एकत्र करावे. ऑन्टारियोच्या कायद्याप्रमाणे शाळकरी मुलांच्या गोवर, गालगुंड, रुबेला, धनुर्वात, घटसर्प, पोलिओ आदी लशींची माहिती पालकांनी स्थानिक आरोग्यखात्याकडे रीतसर कळवावी लागते. ती न कळवल्यास मुलाला काही काळ शाळेतून बाहेर ठेवण्याचा हुकूम निघू शकतो. लशींची नावे आणि तारखा आपल्याकडच्या वहीत हाताने लिहिलेल्या व पुसट असतात, म्हणून निघण्यापूर्वीच गावच्या डॉक्टरांकडून त्यांची स्वच्छ इंग्रजी प्रत सही-शिक्क्यानिशी करून आणावी. आणि ती आणायची राहिली असल्यास घरच्या माणसांना आजच कळवावे.