कळलावी अंगणात लावावी काय?



पावसाने जोर धरला की माळावरच्या व ओढ्याकाठच्या झुडपांतून कळलावीचा वेल वर चढतो. पानांची टोके दोऱ्यासारखी वळून मिळेल त्या काटकीला धरतात. श्रावण-भाद्रपदात फूल येते. सहा पाकळ्या, आधी हिरवट-पिवळ्या, मग लालभडक, ज्वाळेसारख्या मागे वळलेल्या. संस्कृतात हिला अग्निशिखा म्हणतात, कोकणात ‘गौरीचे हात’. तमिळनाडूचे हे राज्यफूल आहे व झिंबाब्वे देशाचे राष्ट्रीय फूल. ८ सप्टेंबरला पवित्र मारियेचा जन्मोत्सव येतो त्याच सुमारास ती फुलते, म्हणून ग्रोटोभोवती व घरापुढे ही वेल लावावी, अशी सूचना आपल्यातील काहींनी केली आहे. सूचना भक्तीपोटी आलेली आहे. तेव्हा उत्तरही कारणासह द्यावयास हवे.

कळलावीच्या सर्व भागांत कोल्चिसिन नावाचे विष असते, आणि जमिनीखालचा कंद हा सर्वांत घातक भाग. कंदाचा आकार नांगरासारखा, दोन बाजूंनी वाकलेला. त्यावरूनच तिचे दुसरे संस्कृत नाव लांगली पडले. हा कंद शिजवून किंवा वाळवून निर्विष होत नाही.

आता खरा धोका कोठे आहे ते पाहा. वेल फुललेली असते तोवर तिला सगळे ओळखतात. परंतु पावसाळा सरला की पाने वाळतात, वेल गळून पडते आणि वर काहीच उरत नाही. कंद मात्र जमिनीत जिवंत राहतो. पुढे कोणी आळे करण्यासाठी तेथे खणले तर हाती काय लागते? रताळ्यासारखा, कोनफळासारखा एक कंद. ज्याने लावला तो घरी असेलच असे नाही. सुगीनंतर आपल्याकडील कित्येक जण कामासाठी पुणे, मुंबई, हैदराबाद गाठतात. मागे म्हातारी माणसे व लेकरे राहतात. श्रीलंकेत व आपल्या देशातही रताळे समजून हा कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत.

राजे या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात अशीच एक घटना आहे. गिलगाल येथे दुष्काळ पडला असता एक जण रानात भाजी आणावयास गेला, अनोळखी वेलीची फळे ओटीत भरून आणली व चिरून हंड्यात टाकली. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हते. फळ ओळखीचे नव्हते, एवढेच. तेथे अलीशा होता म्हणून माणसे वाचली.

कोणी म्हणेल, कण्हेर तर घरोघरी आहे, तीही विषारीच. हरकत रास्त आहे. मात्र कण्हेर विषारी आहे हे लेकरालाही ठाऊक असते, ती कडू असते आणि तिला कोणी अन्न समजत नाही. (पिवळ्या कण्हेरीच्या बियांशी मुले खेळतात, तेही थांबवावे.)

कळलावी हे नाव कळा लावणारी म्हणून पडले. प्रसूती लवकर व्हावी यासाठी कंद उगाळून बेंबीवर व तळपायांवर लावण्याची चाल होती, आणि गर्भ पाडण्यासाठी पोटातही दिला जाई. दोन्ही गोष्टी सोडून द्याव्यात. दुसरीत तर बाळाबरोबर आईही जाते.

याच कोल्चिसिनचे मोजके औषध गाउट नावाच्या सांधेदुखीवर डॉक्टर देतात, आणि बिनबियांचे कलिंगड तयार करण्यातही ते कामास येते. तमिळनाडूत करूर, दिंडिगल भागांत शेतकरी बियांसाठी कळलावीची शेती करतात. पण तेथे तिला तारांचा आधार देतात, परागीकरण हाताने करतात, आणि बी घेणारा व्यापारी ठरलेला असतो. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचून कंद कुजतो, आणि गिऱ्हाईक भालकीच्या बाजारात उभे नाही. त्यामुळे नफ्याचा विचार मनात असल्यास तोही येथेच सोडावा.

कोणाच्या पोटात हा कंद गेलाच, तर लक्षणे काही तासांनी दिसतात: तोंडाघशाची आग, उलट्या, पटकीसारखे जुलाब. नंतर कधी कधी जरा बरे वाटते, आणि येथेच घरची मंडळी फसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूत्रपिंड, यकृत व रक्त यांवर घाला येतो. या विषावर हमखास उतारा इस्पितळांत मिळत नाही. म्हणून उलटी होण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करून रोग्यास इस्पितळात न्यावे. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. उरलेला कंद किंवा पान पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावे. जनावरे हा वेल सहसा खात नाहीत, पण कापलेल्या वैरणीत तो मिसळला तर त्यांना कळत नाही, आणि हे विष दुधातूनही उतरते.

तेव्हा ग्रोटोभोवती कळलावी लावावयाची नाही, असे माझे मत आहे. तेथे मुले खेळतात, माती उकरतात. शेवंती, झेंडू, मोगरा लावावा. घरापुढे तर नकोच. माळावर आपोआप उगवते तेथे ती खुशाल फुलू द्यावी. पाहण्यास पैसे पडत नाहीत.

ज्यांनी आधीच लावली आहे त्यांनी पाने हिरवी असेतोच, म्हणजे जागा दिसते आहे तोवर, वेलीच्या बुडाशी खोल खणावे. कंद ठिसूळ असतो, तुकडा राहिल्यास पुन्हा फुटतो. हातांना प्लास्टिकची पिशवी बांधावी, नंतर साबणाने हात धुवावे. काढलेले कंद उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नयेत. ते उन्हात वाळवून मुलांच्या व जनावरांच्या वाटेपासून दूर, विहिरीपासूनही दूर, कमरेइतक्या खड्ड्यात पुरावे. पुढच्या पावसाळ्यात तीच जागा एकदा पाहून यावी.