ध्रुवप्रदेशांतील बर्फ आणि धाराशिवचा पाऊस

धाराशिव हा अवर्षणप्रवण जिल्हा होय. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे सरासरीने सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु तेवढा पाऊस वेळच्या वेळी पडला, असे वर्ष विरळाच. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा व भूम तालुक्यांत नद्यांना मोठे पूर येऊन उभी पिके तर गेलीच, शिवाय ठिकठिकाणी जमिनीही खरवडून गेल्या. अशा वर्षी गावोगाव एकच प्रश्न विचारला जातो : हवामान खरोखर बदलले आहे काय? ‘ध्रुवावरचे बर्फ वितळू लागल्यामुळे असे होते,’ हे उत्तरही कानी येते. या उत्तरात सिद्ध झालेला भाग किती व तर्काचा भाग किती, हे ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण पेरणीचा निर्णय ऐकीव गोष्टींवर घेतला, तर बियाण्याचा खर्च वाया जातो.

दोन ध्रुवांतील फरक

उत्तर ध्रुवाभोवती समुद्र आहे. त्यावर साधारणतः १ ते ३ मीटर जाडीचे बर्फ तरंगत असते. दक्षिण ध्रुवाभोवती अंटार्क्टिका हे विस्तीर्ण भूखंड असून त्यावरील बर्फाची सरासरी जाडी सुमारे २ किलोमीटर भरते. त्या भूखंडाभोवतीच्या समुद्रावरही हिवाळ्यात बर्फ पसरते व उन्हाळ्यात ते बरेचसे विरते. तरंगते बर्फ विरघळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. जमिनीवरचे बर्फ वितळून समुद्रात गेले म्हणजे मात्र ती वाढते.

मोजणी काय दर्शविते?

कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने १९७९ पासून या बर्फाची अखंड मोजणी होत आहे. उत्तर ध्रुवाजवळचे बर्फ सप्टेंबरात सर्वांत कमी असते. मोजणीच्या आरंभीच्या वर्षांत ते सप्टेंबरातही सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर इतके उरत असे. २०१२ मध्ये ते सुमारे ३४ लाखांवर आले. त्यानंतर २०२५ पर्यंत हा नीचांक मोडला गेला नाही. परंतु जुना विस्तारही पुन्हा कधी दिसला नाही.

दक्षिणेकडील हकीकत निराळी आहे. तेथील समुद्रावरचे बर्फ २०१४ पर्यंत किंचित वाढत होते. त्या वर्षी त्याचा हिवाळी विस्तार २ कोटी चौरस किलोमीटरांहून अधिक झाला. २०१६ पासून ते एकाएकी घटले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केवळ सुमारे १८ लाख चौरस किलोमीटर उरले. २०१४ साली ‘येथील बर्फ वाढतच जाणार’ असा निष्कर्ष कोणी काढला असता, तर तो दोन वर्षांतच खोटा ठरला असता. एका-दोन वर्षांची चढउतार निराळी व दीर्घकाळचा कल निराळा. हवामानाचा कल ठरविण्यास निदान ३० वर्षांची नोंद लागते. हा नियम ध्रुवावरच्या बर्फास जितका लागू, तितकाच आपल्या गावच्या पावसासही लागू आहे.

उत्तर ध्रुव अधिक का तापतो?

वैशाखाच्या उन्हात पांढरे धोतर व काळे घोंगडे शेजारी शेजारी वाळत घातले, तर घोंगडे अधिक तापते. ताजे हिम पडलेले बर्फ आपल्यावर पडणाऱ्या उन्हापैकी शेकडा ८० किंवा अधिक भाग परत पाठविते. उघडा, काळसर समुद्र शेकडा १० भागही परत पाठवीत नाही. म्हणून बर्फ घटले की समुद्र अधिक तापतो आणि समुद्र तापला की बर्फ आणखी घटते. कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेत साठणाऱ्या कर्बवायूमुळे सर्व पृथ्वीच तापत आहे. पण या चक्राचाही हातभार लागून उत्तर ध्रुवप्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या तिप्पट ते चौपट वेगाने तापला आहे.

आपल्या पावसाशी संबंध

दूरच्या हिमाचा व मोसमी पावसाचा संबंध जोडण्याचा प्रयत्न नवा नाही. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयात हिम अधिक पडले असता पुढील मोसमी पाऊस उणा पडण्याचा संभव असतो, असे ताडले व १८८० च्या दशकात त्या आधारे अंदाज देण्यास सुरुवात केली. आजही हंगामाचा अंदाज बांधताना युरोप-आशियावरील हिमाचा विचार केला जातो.

ध्रुवप्रदेशांच्या भारतीय अभ्यासाचा आरंभ गोव्यातून झाला. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये तेथून निघाली. आज वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र हे काम पाहते. २००८ पासून उत्तरेकडे स्वालबार्ड बेटांवर ‘हिमाद्री’ हे भारताचे ठाणे आहे. या केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रावर उन्हाळ्यात बर्फ कमी असते तेव्हा उंचावरील हवेत लहरी निर्माण होऊन त्यांचा परिणाम आशियापर्यंत पोहोचतो. त्यास अरबी समुद्रावरील बाष्पाची जोड मिळाली म्हणजे मध्य भारतात सप्टेंबरात अतिवृष्टीची शक्यता वाढते.

येथे ‘शक्यता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अमुक गावचा अमुक पूर ध्रुवावरील बर्फामुळेच आला, असे यावरून म्हणता येत नाही. प्रशांत महासागरातील एल निनो व हिंदी महासागराचे तापमान यांचा आपल्या पावसावरील प्रभाव अधिक स्पष्टपणे दिसून आलेला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासात मात्र असे आढळले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या; एकूण मोसमी पाऊस मात्र वाढला नाही. धाराशिव जिल्हा त्या अभ्यासाच्या पट्ट्याच्या किंचित दक्षिणेस येतो. तरीही हा इशारा आपण ध्यानी घेणे शहाणपणाचे ठरेल.

शेतकऱ्याने काय करावे?

ध्रुवावरचे बर्फ आपल्या हाती नाही. शिवारातील पाण्याची व्यवस्था हाती आहे. एकाच हंगामात ओढ व अतिवृष्टी दोन्ही येतील, असे धरून पुढील तजवीज करावी.

१. पहिल्या सरीवर पेरणी करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच पेरावे.

२. सोयाबीन रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरावे. पावसाने ओढ दिल्यास सरीत मुरलेली ओल उपयोगी पडते व अतिवृष्टीत जादा पाणी सरीवाटे निघून जाते.

३. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घ्यावे. एक पीक सप्टेंबरच्या पावसात सापडले, तर दुसऱ्याचा आधार राहतो.

४. काढणीपूर्वीच ताडपत्रीची सोय करावी. गंज सखल जागी किंवा ओढ्याकाठी न रचता उंचवट्यावर रचावी.

५. प्रत्येक गावात पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजावा व वहीत लिहावा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर १०,००० लिटर पाणी होय. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेले दिवस आणि ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झालेले दिवस निरनिराळे मोजावेत. महसूल मंडळाच्या केंद्रावरील आकडा आपल्या शिवाराशी जुळेलच, असे नाही. बालाघाटाच्या डोंगराळ भागात दोन शेजारगावांच्या पावसातही फरक पडतो.

ध्रुवावरील बर्फाचा कल कळला, तो वर्षानुवर्षे न चुकता केलेल्या मोजणीमुळे. गावची वहीदेखील अशीच चालू राहिली, तर पुढील पिढीस आपल्या पावसाचा कल अनुमानाने नव्हे, तर आकड्यांनी सांगता येईल.

चर्चामंडळासाठी प्रश्न

१. एका वर्षाच्या पुरावरून हवामान बदलले, असे म्हणता येईल काय? का?

२. आपल्या गावात मागील खरिपात ६५ मिलिमीटरांहून अधिक पावसाचे दिवस किती होते? त्याची नोंद कोणाजवळ आहे?

३. सप्टेंबरात अतिवृष्टी झाल्यास आपल्या शेतातील जादा पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाईल?