धावणे आणि उलटी

शर्यतीच्या मैदानावर एक दृश्य वारंवार पाहावयास मिळते. अंतिम रेषा ओलांडल्यावर धावपटू गुडघ्यांवर हात टेकून वाकतो, त्याचा चेहरा पांढुरका पडतो, तोंडाला पाणी सुटते, आणि दोन-चार मिनिटांत त्याला उलटी होते. ४०० आणि ८०० मीटरच्या शर्यतींत हा प्रकार विशेषेकरून आढळतो. भरतीच्या मैदानावरही तो परिचयाचा आहे. महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर व महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते, आणि या धावण्यावर नोकरी अवलंबून असल्यामुळे प्रत्येक जण आपली सारी शक्ती पणास लावतो.

या उलटीविषयी दोन समज रूढ आहेत. काही जण तिला अशक्तपणाचे लक्षण मानतात, तर काही शिक्षक तिला पुरेशा मेहनतीची खूण समजतात. हे दोन्ही समज शास्त्राला धरून नाहीत. कठोर धावण्यानंतरची मळमळ बहुधा निरुपद्रवी असते आणि तिची कारणे शरीरव्यापाराच्या नियमांतच सापडतात. परंतु हेच लक्षण काही प्रसंगी प्राणसंकटाची सूचनाही देते. या दोहोंतील फरक ओळखता यावा, हा या प्रकरणाचा हेतू आहे.

रक्ताची वाटणी

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाचे हृदय दर मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. यापैकी जवळजवळ एक चतुर्थांश रक्त जठर, आतडी, यकृत इत्यादी पचनाच्या अवयवांकडे जाते. हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या वाट्याला त्या वेळी एक लिटरच्या आसपास रक्त येते. माणूस वेगाने धावू लागला की हा हिशेब पालटतो. हृदयाचे कार्य चार-पाच पटींनी वाढते. निरोगी तरुणाच्या बाबतीत ते मिनिटाला २० ते २५ लिटरपर्यंत पोहोचते, आणि त्यातील चार पंचमांशांहून अधिक भाग एकटे स्नायू घेतात. अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेलाही जास्त रक्त लागते.

ही वाढीव मागणी पुरविण्यासाठी अनुकंपी चेतासंस्था पचनसंस्थेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते. अतिशय तीव्र श्रमांत जठर व आतड्यांचा रक्तपुरवठा विश्रांतीच्या मानाने एक पंचमांशापर्यंतही उतरू शकतो. रक्त कमी पडल्यामुळे जठराची हालचाल मंदावते आणि त्यातील अन्न पुढे सरकेनासे होते. धावताना बसणाऱ्या हिसक्यांमुळे ते वरखाली हिंदकळत राहते. जठराच्या भिंतींवरील हा ताण व्हेगस या मज्जातंतूमार्फत मेंदूला कळविला जातो. रणरणत्या उन्हात, किंवा शरीरातील पाणी कमी झालेले असताना, त्वचा आणि स्नायू यांच्यातील ओढाताण अधिक तीव्र होते व पोटाच्या वाट्याला आणखी कमी रक्त येते. म्हणूनच हिवाळ्यातील पहाटे ज्याला काहीच त्रास होत नाही, त्याच धावपटूला वैशाखात तेवढ्याच अंतरानंतर उलटी होऊ शकते.

आम्लाचा भार

आता असा प्रश्न उद्भवतो की, मॅरेथॉनच्या मानाने केवळ मिनिटभर चालणाऱ्या ४०० मीटरच्या शर्यतीनंतर मळमळ इतकी का व्हावी? याचे उत्तर स्नायूंच्या रसायनक्रियेत आहे. अतिवेगाने धावताना लागणारी सर्व ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्याने वेळेवर निर्माण होऊ शकत नाही. तेव्हा स्नायू ग्लायकोजेनचे विघटन करून ऊर्जा मिळवितात. या क्रियेत लॅक्टेट तयार होते आणि त्याबरोबर हायड्रोजन आयनांचे प्रमाण वाढून रक्ताची आम्लता वाढते. विश्रांतीच्या वेळी एक लिटर रक्तात सुमारे १ मिलिमोल लॅक्टेट असते. सरावलेल्या धावपटूच्या रक्तात ४०० मीटरच्या शर्यतीनंतर ते २० मिलिमोलच्याही पुढे जाते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी की, लॅक्टेट हे विष नव्हे. हृदय आणि इतर स्नायू त्याचा इंधन म्हणून उपयोग करतात, आणि तासाभरात ते बव्हंशी नाहीसे होते. दुसरी गोष्ट अशी की, स्नायूंतून रक्तात उतरण्यास त्याला वेळ लागतो. त्यामुळे धावणे थांबल्यानंतर काही मिनिटांनी रक्तातील त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. धावताना बरे वाटणारा माणूस थांबल्यावर मळमळीने बेजार होतो, याचे हे एक कारण होय.

दुसरे कारण अचानक थांबण्यात आहे. धावताना पायांचे स्नायू आळीपाळीने आकुंचन पावतात व शिरांतील रक्त हृदयाकडे परत ढकलतात. धावपटू एकदम उभा राहिला की हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचते आणि रक्तदाब घसरतो. भोवळ, थंड घाम आणि मळमळ ही त्याचीच फळे होत. यास्तव शर्यत संपल्यावर पाच-दहा मिनिटे संथपणे चालत राहावे, हा जाणत्या प्रशिक्षकांचा उपदेश सर्वस्वी योग्य आहे.

उलटी कशी होते

उलटीचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून होते. तेथे व्हेगसमार्फत पोटाच्या तक्रारी येतात. लंबमज्जेजवळच एक लहानसा भाग असा आहे की, मेंदूचे रक्तातील द्रव्यांपासून रक्षण करणारा अडसर तेथे नसतो. त्यामुळे रक्ताच्या रासायनिक घटनेतील बदल त्याला तत्काळ जाणवतात. सर्व संदेश मिळून एका मर्यादेपलीकडे गेले की उलटीची आज्ञा सुटते. प्रथम लाळ सुटते, मग दीर्घ श्वास घेतला जातो, श्वासनलिकेचे द्वार मिटते, आणि श्वासपटल व पोटाचे स्नायू जठराला जोराने दाबतात. वाचकांस आश्चर्य वाटेल, पण उलटीच्या या अखेरच्या क्रियेत जठराचे स्वतःचे काम अत्यल्प असते. बाहेरच्या स्नायूंच्या दाबामुळेच ते रिकामे होते.

अन्न आणि पाणी

श्रम आणि पचन यांचा संबंध प्रत्यक्ष पाहण्याची संधी विल्यम बोमाँट या अमेरिकन सैनिकी डॉक्टरला मिळाली. १८२२ साली ॲलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठरापर्यंतचे छिद्र कायम राहिले. त्यातून बोमाँटने अनेक वर्षे पचनाचे निरीक्षण केले आणि १८३३ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. सौम्य व्यायामाने पचनास मदत होते, पण थकविणाऱ्या श्रमाने ते मंदावते, असे त्याने नमूद केले आहे. पुढील संशोधनाने त्याला पुष्टीच दिली.

यावरून निघणारे नियम सोपे आहेत. पोटभर जेवण धावण्याच्या तीन-चार तास आधी उरकावे. तेलकट, तुपकट व फार चोथा असलेले पदार्थ जठरात अधिक काळ राहतात, म्हणून त्या जेवणात ते टाळावेत. भात, इडली, पोळी किंवा केळे यांसारखे परिचित अन्न बरे. शर्यतीच्या दिवशी प्रथमच एखादा नवा पदार्थ खाऊ नये. परंतु याचा अर्थ रात्रभर उपाशी राहावे असाही नव्हे. भरतीच्या मैदानाबाहेर जागून काढलेली रात्र आणि रिकामे पोट यांमुळे त्रास कमी न होता वाढतोच.

पाणी थोडेथोडे आणि तहानेनुसार प्यावे. दाट साखरेचे सरबत जठरातून हळू पुढे जाते. लिटरमागे ६० ते ८० ग्रॅमपेक्षा अधिक साखर नसावी. वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याची सवय घातक आहे, कारण आयबुप्रोफेनसारखी औषधे रक्तपुरवठा घटलेल्या जठराच्या अस्तरास इजा करतात.

पाण्याचा अतिरेकही तितकाच वाईट. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी केली असता त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण नेहमीपेक्षा कमी आढळले. धावताना वजन वाढण्याइतके पाणी पिणे हे त्याचे प्रमुख कारण होते. या विकारातही मळमळ व उलटी होते, आणि अशा रुग्णाला पाण्याची कमतरता समजून आणखी पाणी पाजले तर त्याच्या जिवावर बेतते.

धोक्याची लक्षणे

साधी उलटी एक-दोनदा होते. धावपटू शुद्धीवर असतो, प्रश्नांची नीट उत्तरे देतो, आणि अर्ध्या-एक तासात त्याला बरे वाटू लागते. त्याला सावलीत बसवावे, चूळ भरू द्यावी आणि मळमळ ओसरल्यावर घोटघोट पाणी द्यावे. एवढे पुरे असते.

उलटीबरोबर बोलण्यात असंबद्धता, झोकांड्या, विचित्र वर्तन किंवा बेशुद्धी दिसली, तर तो उष्माघात समजून उपाय करावेत. अशा वेळी शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नये. श्रमजन्य उष्माघातात त्वचा ओली असू शकते. रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत बसू नये. रुग्णाला ताबडतोब थंड पाण्यात बसवावे. ते शक्य नसल्यास अंगावर सतत पाणी ओतून जोराने वारा घालावा. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवावे व त्याच्या तोंडात पाणी घालू नये. छातीत, जबड्यात वा डाव्या हातात कळ, वारंवार उलटी, उलटीत रक्त, किंवा गडद तपकिरी लघवी ही लक्षणे दिसली तरीही रुग्णालय गाठावे. सिकलसेलचा गुण असणाऱ्या व्यक्तीला अतिश्रमाने कोसळण्याचा विशेष धोका असतो. मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात हा गुण पुष्कळ आढळतो, म्हणून तेथील शिक्षकांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

या सूचना अनाठायी नाहीत. २०२४ साली झारखंडमधील उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत पुरुषांना १० किलोमीटर अंतर एका तासात धावायचे होते. ऑगस्ट व सप्टेंबरच्या त्या दिवसांत दहाहून अधिक उमेदवारांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर तेथील धावण्याचे अंतर कमी करण्यात आले.

सारांश, धावल्यानंतर होणारी उलटी लाजिरवाणी नाही आणि भूषणावहही नाही. काही आठवडे टप्प्याटप्प्याने सराव केला, तर त्याच वेगाला शरीर कमी आम्ल निर्माण करते, पोटाचा रक्तपुरवठा कमी घटतो, आणि हा त्रास आपोआप उणावतो. मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकाने उलटी झालेल्या मुलाजवळ जाऊन त्याला नाव, गाव आणि वार विचारावा. त्याने नीट उत्तर दिले तर विश्रांती पुरेशी आहे. उत्तर अडखळले तर एक क्षणही न दवडता त्याचे अंग थंड करण्यास आरंभ करावा.