गवत, वणवा आणि बुळकांडी

"सेरेंगेटीत वाइल्डबीस्टची संख्या कशावर ठरते?" भूगोलाच्या सरांनी विचारलं. मी ताठ उभा राहून म्हणालो, "सिंहांवर, सर!" उत्तर चुकलं. मग लायब्ररीत बसून शोधलं.

१८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत गुरांमधून बुळकांडी पसरली आणि रानातले कळपही मेले. (आजोबांना फोनवर हे नाव सांगताच ते म्हणाले, "आपल्याकडेही गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे रे.") पुढे सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस टोचली. लस गुरांना, पण वाचले वाइल्डबीस्टसुद्धा! १९६१ मध्ये ते सुमारे २.५ लाख होते, १९७० चं दशक संपता संपता १३ लाखांच्या आसपास गेले. एवढी तोंडं चरू लागल्यावर वाळलेलं गवत कमी उरलं, म्हणून वणवे घटले आणि झाडांची रोपटी जगू लागली. म्हणजे गवत खाणाऱ्यांनी झाडं वाढवली! मला हेच सगळ्यात आवडलं.

आता सिंहांचं. वाइल्डबीस्ट पावसामागे फिरतात : पावसाळ्यात दक्षिणेच्या आखूड गवतात, जिथे पिल्लं जन्मतात, आणि कोरड्या दिवसांत उत्तरेला मारा नदीपर्यंत. सिंहांचे कळप मात्र आपापली हद्द धरून राहतात. लहान छावे घेऊन ते एवढं अंतर कसं चालणार?