जावेच्या गोळ्या मोजू नकोस

अगं, काल फोनवर तू विचारलंस, “ताई, जाऊबाईंना एका गोळीवर दिवस राहिले, मग मला डॉक्टरांनी दोन का लिहून दिल्या? माझ्यातच जास्त दोष आहे का?” तेव्हा घरात माणसं होती, मोकळं बोलता आलं नाही. आता ऐक.

गोळ्या किती, त्यावरून दोष किती हे ठरत नाही. तुझी लेट्रोझोलची गोळी अडीच मिलिग्रॅमची. साधारण तिथूनच सुरुवात करतात, पाच दिवस. बीज वाढलं नाही तर पुढच्या पाळीला ५, मग ७.५. म्हणजे तुझ्या दोन गोळ्या हा नेहमीचाच डोस. मोबाइलवर शोधलंस तर हे स्तनाच्या कर्करोगाचं औषध म्हणून सापडेल. घाबरू नकोस. मुळात ते त्यासाठीच निघालं. आपल्याकडे २०११ मध्ये मूल होण्यासाठी ते द्यायला बंदीही आली होती, ती २०१७ मध्ये उठली. आता पीसीओडी असली की बहुतेक डॉक्टर आधी हेच देतात.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीला बोलावलं की टाळू नकोस. अंगावर जात असताना आतून तपासून घ्यायचं जिवावर येतं, कळतं मला. पण अंडाशयातल्या बारीक पिशव्या तेव्हाच नीट मोजता येतात. इंजेक्शनं द्यायची असली तर एएमएचची रक्ततपासणीही करतात. शिवाय वय, वजन आणि मागच्या खेपेला औषध कितपत लागू पडलं, हे बघतात. पीसीओडीवालीला जास्त औषध लागेल असं वाटतं ना? इंजेक्शनांचं उलटं असतं. तिच्याकडे पिशव्या भरपूर, थोड्या औषधानेही एकदम पुष्कळ वाढतात. उसाचं पाणी ज्वारीला सोडल्यागत होतं. म्हणून तिला ७५ युनिट किंवा त्याहून कमीवर सुरू करतात. टेस्टट्यूबसाठी एखादीला १५०, तर एखादीला ३०० युनिटही लागतात. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्टट्यूब बाळ जन्मलं, त्याला इतकी वर्षं झाली. तरी सगळ्या बायकांना चालेल असा एक डोस अजून कुणाला ठरवता आलेला नाही.

मधल्या सोनोग्राफ्यांचंही तसंच. पाथर्डीहून नगरला यायचं म्हणजे एसटीत अख्खा दिवस मोडतो, रोजही बुडतो. पण बीज १८-२० मिलिमीटरचं झालं की फुटायचं इंजेक्शन देतात, आणि तो दिवस पडद्यावर बघूनच कळतो. तीन-चार बीजं एकदम वाढली तर डॉक्टर त्या महिन्यापुरतं थांबायलाही सांगतील. जुळी-तिळी राहण्याचा धोका असतो, म्हणून. रुसू नकोस. आणि दिवाळीनंतर टोळीबरोबर फडावर जाणार असाल, तर आधीच सांगून टाक. तपासणीविना औषध घेण्यापेक्षा तेवढे महिने थांबलेलं बरं.

दाजींचा रिपोर्ट झाला का? झाला नसेल तर पुढच्या गोळीआधी तो करून घ्या. दोष फक्त बाईत शोधायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. सासूबाईंना मोहटादेवीला नवस बोलायचाय? बोलू दे. पण मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळ्या वाढवून आणायच्या नाहीत, आणि जाऊबाईंची उरलेली पट्टी तर मुळीच नाही.

आणखी एक. इंजेक्शनांनंतर पोट तट्ट फुगलं, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली किंवा दम लागला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच गाडी करून दवाखाना गाठा. डोस अंगाला जास्त झाल्याची ती खूण असते. पुढच्या तपासणीला जाताना जुनी फाइल ने आणि सरळ विचार, “मॅडम, माझा डोस कशावरून ठरवला?” हे विचारण्यात संकोच कसला? तो तुझा हक्कच आहे.