मेसुत ओझिलची खरी योग्यता

प्रश्न : आर्सेनलचा माजी फुटबॉलपटू मेसुत ओझिल याच्यावरून आम्हां मित्रांत अजूनही वाद होतो. मी त्याला असामान्य मानतो. इतर म्हणतात, तो धावत नसे, चेंडू हिसकावत नसे. खरे काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपण भ्रमात नाही, आणि आपल्या मित्रांची तक्रारही सर्वस्वी निराधार नाही. 2013 साली रेआल माद्रिदहून आर्सेनलमध्ये आलेल्या या खेळाडूने 2015-16 च्या प्रीमियर लीगमध्ये 19 गोलांसाठी अखेरचा पास दिला आणि थिएरी ऑन्रीच्या एका हंगामातील 20 च्या विक्रमापासून तो केवळ एका पासने दूर राहिला, हा दाखला त्याच्या प्रतिभेविषयीचा संशय दूर करण्यास पुरेसा आहे. मधल्या फळीतील प्रत्येकाचे मूल्य चेंडू हिसकावण्यावरून ठरते, हा मात्र गैरसमज होय. वस्तुतः प्रतिपक्षाच्या बचावातील मोकळी जागा हेरून योग्य क्षणी तेथे चेंडू पोहोचविण्याची कामगिरी ज्याच्याकडे सोपविलेली असते, त्याची परीक्षा त्याच कामगिरीवरून व्हावयास हवी.

तथापि, सहकाऱ्याने गोल केला तरच अशा पासची या हिशेबात नोंद होते, म्हणून केवळ आकड्यांवर निकाल देऊ नये. चेंडू गमावल्यावर प्रतिपक्षावर दबाव आणण्यात ओझिल उणा पडे, हेही मोकळेपणाने मान्य करावे. मित्रांसह त्याचा एखादा जुना सामना संपूर्ण पाहावा आणि चेंडू येण्यापूर्वी तो कोठे सरकतो, याकडे लक्ष द्यावे. निवडक क्षणचित्रांत हे सहसा दिसत नाही. ओझिल सर्वगुणसंपन्न नव्हता, परंतु पास देण्याच्या कलेत तो आपल्या पिढीतील अग्रगण्यांपैकी एक होता, हे निःशंकपणे सांगावे.